मोबाइलला सिम सापडत नाही, तेव्हा दोष कार्डाचा की फोनचा हे आधी ठरवावे

मोबाइलच्या पडद्यावर ‘नो सिम’ किंवा ‘इन्सर्ट सिम’ अशी अक्षरे उमटली की माणूस घाबरतो आणि ते साहजिक आहे. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोड, रेल्वेचे तिकीट, यूपीआयचे व्यवहार हे सगळे आज त्या नखाएवढ्या कार्डावर अवलंबून असते. घाबरलेला माणूस मग हाताला येईल तो उपाय करतो. कुणी कार्ड ब्लेडने खरवडतो, कुणी खाचेत सुई घालतो, कुणी फोन पूर्ण रिसेट करून टाकतो. कोकणात दुरुस्तीच्या टेबलावर बसून गेली अनेक वर्षे मी हे पाहत आलो आहे आणि माझा अनुभव असा आहे की मूळ बिघाडापेक्षा या उपायांनी झालेले नुकसान पुष्कळदा मोठे असते.

एका आजींचे उदाहरण अजून मनातून जात नाही. त्यांचा फोन सिम दाखवत नव्हता म्हणून एका दुकानात तो ‘सॉफ्टवेअर मारून’ कोरा करण्यात आला. त्यात त्यांच्या दिवंगत यजमानांचे सगळे फोटो गेले आणि सिम तरीही दिसेना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. मी ते कार्ड माझ्या फोनमध्ये घातले, तर तिथेही दिसले नाही. कार्डच निकामी झाले होते आणि फोनला काहीही झालेले नव्हते. ही तपासणी घरी, मुलाच्या फोनमध्ये, दोन मिनिटांत झाली असती. म्हणूनच साफसफाई, रिसेट किंवा खर्च यांपैकी काहीही करण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवावे, असा माझा आग्रह आहे. पुढचे सगळे त्याच क्रमाने लिहिले आहे.

फोन कार्डाला कसा ओळखतो

हे थोडे समजून घेतले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते. कार्डावरच्या सोनेरी चकतीचे बारीक रेषांनी सहा किंवा आठ भाग पाडलेले असतात. त्यांपैकी पाच भाग कामापुरते महत्त्वाचे असतात: एकातून वीज मिळते, एक ग्राउंडचा असतो, एकातून घड्याळाचे ठोके येतात, एक रिसेटचा असतो आणि एकातून माहितीची ये-जा होते. फोनच्या खाचेत या भागांसमोर केसासारख्या बारीक, स्प्रिंगसारख्या दबणाऱ्या पिना असतात. फोन सुरू होताना किंवा कार्ड ठेवायचा ट्रे आत जाताच तो कार्डाला आधी १.८ व्होल्ट वीज देऊन हाक मारतो आणि उत्तर आले नाही तर ३ व्होल्ट देऊन पाहतो. कार्डाने आपली ओळख सांगणारे छोटेसे उत्तर पाठवले की मगच फोन पुढचा मजकूर वाचतो. या पाच जोडण्यांपैकी एक जरी तुटलेली असली, तरी फोनच्या लेखी आत कार्ड नाहीच. चार पिना व्यवस्थित आहेत म्हणून थोडेसे नेटवर्क येईल, असे या बाबतीत होत नाही.

ट्रे असलेल्या पुष्कळ फोनमध्ये आणखी एक बारीक कळ असते. ट्रे पूर्ण आत गेला आहे की नाही, एवढेच ती सांगते. ती वाकली किंवा अडकली तर फोन कार्डाला हाक मारण्याच्या फंदातच पडत नाही. फोन चालू असताना ट्रे बाहेर काढला आणि पुन्हा आत घातला, तरी पडद्यावर कसलीही हालचाल झाली नाही, तर या कळेवर संशय घ्यावा.

पडद्यावरचे शब्द नीट वाचावेत

‘सिम चालत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळे आजार असतात. ‘नो सिम’ किंवा ‘इन्सर्ट सिम’ याचा अर्थ फोनला कार्डाचे उत्तरच मिळाले नाही. ‘इनव्हॅलिड सिम’ किंवा ‘सिम नॉट सपोर्टेड’ याचा अर्थ उत्तर मिळाले, पण फोन ते कार्ड स्वीकारायला तयार नाही. ‘नो सर्व्हिस’ याचा अर्थ बहुधा असा की कार्ड वाचले गेले आहे, मात्र कंपनीचे नेटवर्क त्याला आत घेत नाही. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ हे शब्द तिन्ही प्रकारांत दिसू शकतात, त्यामुळे त्यावरून काहीच ठरवू नये.

शंका राहिली तर एक खात्रीची खूण आहे. प्रत्येक सिमचा स्वतःचा १९ किंवा २० अंकी क्रमांक असतो. त्याला आयसीसीआयडी म्हणतात आणि भारतातील कार्डांवर तो ८९९१ या अंकांनी सुरू होतो, कारण ८९ हा दूरसंचार सेवेचा आणि ९१ हा आपल्या देशाचा संकेतांक आहे. हा क्रमांक कार्डावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ येथे, तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’खालील ‘सिम स्टेटस’मध्ये तो पाहता येतो. पडद्यावर हा क्रमांक दिसत असेल, तर पिना, ट्रे आणि कार्ड यांचा परस्परसंपर्क ठीक आहे असे समजावे. मग खाच उघडून साफ करण्यात वेळ घालवू नये.

त्याच वेळी डायल करण्याच्या जागी *#०६# हे बटणांवरून दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा १५ अंकी ओळख क्रमांक, येतो का, हेही पाहावे. तो रिकामा असेल, किंवा अँड्रॉइडच्या ‘अबाउट फोन’मध्ये बेसबँडच्या जागी ‘अननोन’ असे लिहिलेले असेल, तर फोनचा नेटवर्क सांभाळणारा भागच बंद पडला आहे. अशा वेळी कोणतेही कार्ड घातले तरी ते दिसणार नाही. हे काम घरचे नाही.

फोन न उघडता करायच्या गोष्टी

दोन सिमच्या फोनमध्ये एखादे सिम सेटिंग्जमधून बंद करता येते आणि लहान मुलांच्या हातून किंवा खिशातल्या स्पर्शाने ते बंद झालेलेही मी पाहिले आहे. सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’खाली ‘सिम मॅनेजर’, इतर अँड्रॉइडमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली ‘सिम्स’ अशा नावाने हे पान सापडते. तेथे सिम चालू आहे ना, याची खात्री करावी. मग विमान मोड अर्धा मिनिट सुरू ठेवून बंद करावा. त्यानेही झाले नाही तर फोन पूर्ण बंद करावा, एखादे मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावा. नुसता पडदा बंद करणे म्हणजे फोन बंद करणे नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे लागते.

नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. आयसीसीआयडी दिसत असताना नेटवर्क येत नसेल तर तो जरूर करून पाहावा. त्याने फोटो किंवा संदेश जात नाहीत, फक्त वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. मात्र काही अँड्रॉइड फोनमध्ये याच पानावर ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच साठवलेले सिम, पुसण्याचा पर्याय चौकटीसह दिलेला असतो. त्या चौकटीवर खूण होणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर चालू असलेले ई-सिमही गमवावे लागेल. फॅक्टरी रिसेटचा सल्ला मात्र मी सिमच्या तक्रारीसाठी कधीही देत नाही. गंजलेली पिन किंवा मेलेले कार्ड फोन कोरा केल्याने जिवंत होत नाही.

अदलाबदलीची परीक्षा

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फोन बंद करून आपले कार्ड काढावे आणि घरातील दुसऱ्या, नीट चालणाऱ्या फोनमध्ये घालावे. नंतर त्या फोनचे कार्ड आपल्या फोनमध्ये घालून पाहावे. दोन्ही परीक्षा केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, कारण एकीचे उत्तर अर्धवट असते.

आपले कार्ड दुसरीकडेही दिसत नसेल आणि दुसरे कार्ड आपल्या फोनमध्ये लगेच दिसत असेल, तर कार्ड गेले. फोनला हात लावण्याचे कारण उरत नाही. याउलट आपले कार्ड दुसरीकडे चालत असेल आणि आपला फोन कोणतेच कार्ड दाखवत नसेल, तर दोष फोनचा, म्हणजे ट्रे, पिना किंवा आतील जोडणी यांपैकी कशाचा तरी. तिसरी शक्यता लोकांना गोंधळात टाकते: आपले कार्ड दुसरीकडे चालते आणि दुसरे कार्ड आपल्याकडे चालते, पण आपले कार्ड आपल्या फोनमध्ये चालत नाही. येथे दोघेही निर्दोष असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. कारण बहुधा कार्डाच्या जाडीत किंवा कापणीत असते, क्वचित एकाच कंपनीच्या सिमपुरते फोनला घातलेल्या कुलपात असते. दोन खाचांच्या फोनमध्ये तर घरात दुसरा फोन नसला तरी चालेल. तेच कार्ड एक क्रमांकाच्या खाचेतून दोन क्रमांकाच्या खाचेत टाकून पाहिले की निम्मा उलगडा होतो.

परीक्षा करताना दोन पथ्ये पाळावीत. दुसऱ्याच्या फोनमध्ये आपले कार्ड असताना व्हॉट्सॲप, बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप उघडू नये आणि नोंदणीविषयी काही विचारले गेल्यास होकार देऊ नये. फक्त एक फोन लावून, एक घेऊन कार्ड परत काढावे. आणि कार्डाला पिन, म्हणजे ते उघडण्याचा गुप्त आकडा, लावलेला असेल तर अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन वेळा चुकले की कार्ड पीयूके हा कुलूप उघडण्याचा क्रमांक मागते. हा क्रमांक कंपनीच्या ग्राहक सेवेकडून मिळतो, पण तोही दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचे बंद होते आणि मग नवे घेण्यावाचून गत्यंतर नसते.

दोष फोनचा असेल तर

वर सांगितलेली कळेची परीक्षा सोडली, तर फोन बंद करूनच ट्रे काढावा. ट्रे उघडण्याची पिन ज्या छिद्रात घालायची ते छिद्र ट्रेच्या पट्टीवरच असते. त्याच्या शेजारी फोनच्या कडेला तसेच दिसणारे दुसरे छिद्र असले तर ते बहुधा मायक्रोफोनचे असते. त्यात पिन खुपसून माइक फोडून आलेले फोन माझ्याकडे दर महिन्याला येतात. सिम राहिले बाजूला आणि समोरच्याला आवाज जाणे बंद होते. पिन सरळ धरून, टोचल्यासारखी न मारता, सावकाश दाबावी. ट्रे हलला की बोटांनी ओढावा.

ट्रे बाहेर आला की तो उजेडात आडवा धरून पाहावा. कागदासारखा सपाट दिसायला हवा. मधोमध किंचित कमान आलेली असली, तर कार्ड पिनांवर सारखे दाबले जात नाही. बाजारात मिळणारे पर्यायी ट्रे याच कारणाने त्रास देतात. रंग जुळतो, आकार जुळतो आणि जाडीत केसभर फरक राहतो. पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनच्या ट्रेभोवती रबराची बारीक कडी असते. ती तुटलेली किंवा निघालेली असेल तर पावसाळ्यात पाणी शिरायला तीच वाट पुरेशी होते.

कार्ड ट्रेमध्ये कसे बसवायचे हे ट्रेवरच कोरलेले असते आणि कापलेला कोपरा चुकीच्या बाजूला बसत नाही. तरी ज्या ट्रेमध्ये एक कार्ड वर आणि दुसरे खालच्या अंगाला असते, तेथे खालचे कार्ड आत नेताना सुटते आणि तिरके अडकते. फोन आडवा ठेवून, खालच्या कार्डाला बोटाचा आधार देत ट्रे सरकवावा. अडल्यासारखे वाटले तर जोर लावू नये. बाहेर काढून पुन्हा बसवावे. हायब्रिड ट्रे असलेल्या फोनमध्ये दुसऱ्या सिमच्याच जागी मेमरी कार्ड बसते. तेथे मेमरी कार्ड घातलेले असताना दुसरे सिम दिसणार नाही, आणि हा बिघाड नव्हे.

आता साफसफाई. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतला ओलावा, घाम आणि समुद्राकाठची खारट हवा यांमुळे पिनांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर येतो. शर्टाच्या खिशात फोन ठेवणाऱ्या रिक्षाचालकांच्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये तो मला हमखास सापडतो. कार्डाची सोनेरी बाजू आधी चष्मा पुसण्याच्या मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. डाग राहिला तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून हलक्या हाताने फिरवावी आणि कार्ड दहा मिनिटे वाळू द्यावे. पेन्सिलचे खोडरबर चालते, पण दोन-तीनदाच आणि अगदी अलगद. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, एकदा तो गेला की खालचा धातू लवकर गंजतो. खोडरबराचा भुगा झटकल्याशिवाय कार्ड आत घालू नये.

काय करू नये, हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण खरी हानी येथेच होते. हाताचे सॅनिटायझर वापरू नये, त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. अत्तर, रॉकेल, पेट्रोल, यंत्रांच्या गंजावर मारायचा फवारा यांपैकी काहीही नको. तोंडाने फुंकर मारू नये, श्वासातली वाफ आणि थुंकीचे तुषार आत जातात. खाचेत सुई, टाचणी, दात कोरण्याची काडी घालू नये. एक पिन वाकायला एवढासा धक्का पुरतो. जुन्या कीपॅड फोनमध्ये कार्डामागे कागदाची घडी घालण्याची युक्ती गावोगाव चालते. पिना थकल्या असतील तर तिने काही दिवस काम भागतेही, पण ट्रेच्या फोनमध्ये ती मुळीच करू नये, कारण घडी आतच अडकून बसते आणि ट्रे बाहेर येत नाही.

फोन पाण्यात पडला असेल तर तो ताबडतोब बंद करावा, ट्रे काढून ठेवावा, चार्जरला लावू नये आणि पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय करू नये. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तसे बजावले आहे, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोनला इजा करू शकतात. समुद्राचे पाणी गेले असेल तर वाळण्याची वाटही पाहू नये, त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावा. पाणी उडून जाते, मीठ आत राहते आणि तेच पिना खाते.

कापलेली कार्डे आणि ॲडॉप्टर

सिम कार्ड १९९१ मध्ये पहिल्यांदा आले तेव्हा ते एटीएम कार्डाएवढे होते. पुढे ते २५ बाय १५ मिलिमीटरचे मिनी झाले, मग १५ बाय १२ चे मायक्रो आणि २०१२ पासून १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे नॅनो. आकार कात्रीने कमी करता येतो, जाडी करता येत नाही. मिनी आणि मायक्रोची जाडी ०.७६ मिलिमीटर असते आणि नॅनोची ०.६७. हा फरक बोटाला जाणवतही नाही, पण नॅनोच्या खाचेत जुने कापलेले कार्ड रेटून बसते, पिना कायमच्या दबतात आणि नंतर घातलेले नियमाचे कार्ड त्यांना टेकत नाही. कटरने कापलेले कार्ड अजून वापरात असेल तर ते चालू असतानाच कंपनीच्या दुकानातून मूळ नॅनो घ्यावे, असे मी कळकळीने सांगेन.

ॲडॉप्टरचा धोका याच्या उलट दिशेचा आहे. लहान कार्ड मोठ्या खाचेत बसवण्यासाठी प्लॅस्टिकची ती रिकामी चौकट मिळते. तिच्यातून कार्ड निसटले किंवा कुणी रिकामी चौकटच आत सरकवली, की पिनांची टोके मधल्या भोकात वर येतात. मग चौकट ओढली की टोके तिच्या कडेला अडकतात आणि मुळापासून उपटली जातात. भिंगाखाली पाहिले तर आठांपैकी तीन-चार पिना आकड्यासारख्या उलट्या वळलेल्या दिसतात. चौकट अडकली आहे असे वाटताच हात थांबवावा. दुरुस्ती करणारा माणूस पातळ प्लॅस्टिकची पट्टी पिना आणि चौकट यांच्यामध्ये सरकवून पिना दाबून धरतो आणि मग चौकट काढतो. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ओढाताण झाल्यावर तेच खाच बदलण्याचे काम होते.

कार्ड बदलावे लागले तर

कार्ड निकामी आहे हे ठरल्यावर ओळखपत्रासह कंपनीच्या अधिकृत दुकानात स्वतः जावे. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जाची पद्धत बंद झाली असून पडताळणी डिजिटल होते, फोटोही तिथेच काढला जातो. क्रमांक ज्याच्या नावावर असेल त्यानेच जायला हवे. वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावरचे जुने क्रमांक घरात पुष्कळ असतात आणि ते नेमके अशा वेळी अडवतात. आपल्या नावावर कोणते क्रमांक आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवता येते.

नवे कार्ड सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी केलेली ही योजना आहे. ओटीपी आला नाही म्हणून कार्ड पुन्हा बदलायला धावू नये. मात्र त्या दिवशी वीजबिल, कर्जाचा हप्ता किंवा परीक्षेचा अर्ज भरायचा असेल तर तो आधीच उरकावा. यूपीआयची ॲप नव्या कार्डाला वेगळे कार्ड मानतात, त्यामुळे तेथेही पुन्हा नोंदणी करावी लागते. दूरसंचार नियामक ट्रायच्या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्ड बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा कोड मिळत नाही. ज्यांना कंपनी बदलायचीच आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. जुन्या कार्डावर नावे-नंबर साठवलेले असतील आणि ते मधूनमधून का होईना दिसत असेल, तर दिसते त्या वेळीच ते फोनमध्ये उतरवून घ्यावेत. कार्ड पूर्ण गेले की ते परत मिळवण्याची वाट नाही.

कधी कधी कार्ड आणि फोन दोन्ही धडधाकट असतात, पण क्रमांकच बंद झालेला असतो. सलग ९० दिवस कॉल, संदेश किंवा डेटा यांपैकी काहीच वापर नसेल आणि प्रीपेड खात्यात किमान २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी क्रमांक बंद करू शकते. गावाकडच्या घरात ठेवलेल्या दुसऱ्या फोनचे असेच होते.

आप्तांनी परदेशातून पाठवलेले फोन

अमेरिकेतील भाऊ किंवा लेक आपला जुना फोन आईवडिलांना देते आणि येथे तो ‘सिम नॉट सपोर्टेड’ म्हणतो. हप्त्यांवर घेतलेले फोन त्या देशातील कंपनीने स्वतःच्याच सिमपुरते कुलूपबंद केलेले असतात. आयफोनच्या ‘अबाउट’ पानावर ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले असेल तरच तो मोकळा आहे. नसेल तर कुलूप तेथील कंपनीच काढू शकते, म्हणून देणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वीच ते काढून घ्यावे. शिवाय २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. तेथे आपला क्रमांक कंपनीकडून ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो. ट्रे शोधत फोनच्या कडा टोचू नयेत.

येथेच घेतलेल्या जुन्या फोनचा प्रश्न वेगळा असतो. कार्ड दिसते, आयसीसीआयडी दिसतो, तरी कोणत्याच कंपनीचे नेटवर्क येत नाही, तेव्हा तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असू शकतो. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, एक जागा मोकळी आणि पुढे आयएमईआय असा संदेश १४४२२ वर पाठवून खात्री करता येते, आणि ती पैसे देण्यापूर्वी करावी. आयएमईआय बदलून देतो असे कुणी म्हणाल्यास त्या दुकानातून निघून यावे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

नेटवर्क अचानक गेले आणि परत आलेच नाही, तर

ही बाब बिघाडाची नाही, पण ती बिघाडासारखीच दिसते म्हणून येथे सांगणे मला आवश्यक वाटते. चालू फोनचे नेटवर्क एकाएकी गेले, आयसीसीआयडी मात्र दिसतो आहे आणि त्याच कंपनीचे शेजाऱ्याचे सिम नीट चालते आहे, तर आपल्या नावावर दुसऱ्या कुणी नवे कार्ड किंवा ई-सिम काढले असण्याची शक्यता आहे. नवे सुरू होताच जुने मरते आणि ओटीपी त्या भामट्याकडे जाऊ लागतात. अशा वेळी कार्ड पुसत बसू नये. दुसऱ्या फोनवरून प्रथम कंपनीला विचारावे की माझे सिम बदलले गेले आहे का. तसे झाले असेल तर क्रमांक थांबवायला सांगावा, लगोलग बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुरुस्तीला देताना

खाच, जिला दुकानदार सिम जॅकेट म्हणतात, ती गरम हवेने बोर्डवरून उचलून नवी बसवावी लागते. काही फोनमध्ये ती खालच्या चार्जिंग बोर्डावर असते आणि मुख्य बोर्डाशी एका पातळ पट्ट्याने जोडलेली असते. फोन पडल्यानंतर तो पट्टा नुसता सैल झालेला असू शकतो. म्हणून जॅकेट बदलणार, चार्जिंग बोर्ड बदलणार की फक्त पट्टा बसवणार, हे आधी विचारावे आणि खर्च त्यावर ठरवावा. आपले कार्ड स्वतःजवळ ठेवावे, दुकानदाराला त्याच्याकडचे चाचणीचे कार्ड वापरता येते. फोटो आणि संदेश यांची प्रत काढून ठेवावी, आणि आयएमईआय दिसत असताना कुणी सॉफ्टवेअर मारण्याचा आग्रह धरला तर कारण विचारावे.

फोन परत घेताना दोन्ही खाचांत आळीपाळीने कार्ड घालून पाहावे, आयसीसीआयडी कार्डावरच्या आकड्याशी ताडावा, एक फोन लावावा आणि एक घ्यावा. मग ट्रेच्या बाजूला बोटाने हलकेच टकटक करून सिम टिकते का ते पाहावे. अर्धवट बसलेल्या जॅकेटचे सिम याच धक्क्याने जाते. शेवटी ट्रेभोवतीची रबराची कडी जागेवर आहे ना, तेवढे पाहून मगच पैसे द्यावेत.